शेवटच्या बाकावरचे गार्डकाका

गार्डकाका चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळ्यांच्या मागे बसायचे. घंटा व्हायच्या कितीतरी आधी त्यांची सायकल आवारातल्या कडुलिंबाला टेकलेली दिसे. मग ते पायरीवर उभे राहत. येणाऱ्या प्रत्येकाला सलाम करत, म्हाताऱ्यांना हात देऊन वर चढवत. आत पहिलं गीत सुरू झालं तरी ते बाहेरच असत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकदा नीट पाहून घेत, कोणी धावतपळत येत नाही ना याची खात्री करत, आणि मगच आत येऊन दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत. पाद्रीसाहेब एकदा त्यांना म्हणाले, "सालोमनजी, आगे आइए ना. जगह खाली है." काका म्हणाले, "साहब, इंजन में आप हो ना. मेरा डिब्बा पीछे का है."

सालोमन हे त्यांचं नाव, पण पाद्रीसाहेब सोडले तर त्यांना त्या नावाने हाक मारणारं कोणी मला भेटलं नाही. चर्चमध्ये ते गार्डकाका, गल्लीत गार्डबाबू. गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या रेल्वेच्या छोट्या लाईनवर गार्ड म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. एकोणीसशे नव्याण्णव साली माझी कामठ्याच्या शाळेत बदली झाली आणि मी बायको-मुलीसह गोंदियात राहायला आलो, तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. बुटका बांधा, जाड भिंगांचा चष्मा, पांढऱ्या शर्टाच्या खिशात अजूनही दोरीला बांधलेली शिट्टी. काकू म्हणत, "आता कायले ठेवता ती?" ते म्हणत, "असू दे. तू कधी पुढं निघून गेली तर कामी येईल." गाणं त्यांना सुरात म्हणता येत नसे आणि हळूही म्हणता येत नसे.

आमची ओळख झाली ती प्रभुभोजनाच्या रविवारी. आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकरीच्या, म्हणजे पावाच्या, तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून हातोहात फिरतं. ज्याला आपण लायक नाही असं वाटतं, तो न घेता ताट पुढे देतो. कोणी विचारत नाही, पण सगळ्यांना दिसतं. मी कित्येक वर्षं ते ताट पुढे देत आलो होतो, आणि कमी लोकांना दिसावं म्हणून नव्या गावातही शेवटचा बाक निवडला होता. त्या दिवशी ताट आलं, मी मान खाली घालून ते शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातात दिलं. त्यांनी घेतलं, पण लगेच तुकडा उचलला नाही. ताट मांडीवर धरून ते थोडा वेळ बसून राहिले. प्रार्थना करत असतील असं मला वाटलं. मग त्यांनी एक तुकडा घेतला, खाल्ला आणि ताट परत करायला उठले.

बाहेर आल्यावर मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं, "नवा आला का गावात? कोणत्या शाळेवर?" मी सांगितलं. "मंग गुरुवारी संध्याकाळी घरी येजो, मास्तर. वाचायले बसतो आम्ही. चहा भेटते." ताटाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि पुढे कित्येक वर्षं नाही.

माझ्या मनात काय होतं हे इथे सांगायला हवं, नाहीतर या माणसाने माझ्यासाठी काय केलं ते कळणार नाही. मी कोणाचा खून केला नव्हता, कोणाचं घर बुडवलं नव्हतं. कोणी नेमका गुन्हा विचारला असता तर मला सांगता आला नसता. पण आमच्या घरी प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी वडील आम्हा भावंडांना समोर बसवून महिनाभरातली पापं आठवायला लावत. मला ते काम इतकं जमलं की पुढे ते थांबवताच येईना. वर्गात एखाद्या मुलावर खेकसलो, बायकोला तोडून बोललो, आजारी वडिलांचा कंटाळा आला, प्रार्थनेत मन भरकटलं, सगळं आत साचत राहायचं. सकाळी शाळेला निघण्याआधी मी डोळे मिटून शास्त्र कुठेतरी उघडायचो, पानावर बोट ठेवायचो आणि बोटाखाली जे येईल तो त्या दिवसाचा निकाल समजायचो. बोट नेमकं धमकीवर पडायचं. आशीर्वादावर पडलं तर वाटायचं, हे दुसऱ्या कोणासाठी असेल.

गुरुवारची बैठक त्यांच्या घराच्या पडवीत भरायची. घर रेल्वे लाईनच्या पलीकडे, जवळच एक राईस मिल. मिलचा कोंडा उडून पडवीतल्या खुर्च्यांवर बसायचा आणि काकू येणाऱ्याच्या आधी फडकं घेऊन यायच्या. काकांचं पवित्र शास्त्र एका हिरव्या कापडात गुंडाळलेलं असे. ते कापड म्हणजे नोकरीतला जुना, विरलेला झेंडा. गाठ सोडायची, कापड मांडीवर पसरायचं, त्यावर पुस्तक ठेवायचं आणि वाचायला सुरुवात करायची.

वाचन म्हणजे अगदीच संथ. एक गोष्ट घेतली की तीच महिनाभर चाले. दोन ओळी झाल्या की थांबायचे. मी पहिल्या गुरुवारी न राहवून म्हणालो, "काका, असं वाचलं तर हे पुस्तक संपणार कधी?"

"संपवून कुठं जायचं आहे तुले?" ते म्हणाले. "मी पॅसेंजर गाडीचा गार्ड होतो, मास्तर. दर हॉल्टवर थांबलो मी. मेल गाडीतून जाणाऱ्याले विचार, मधातलं एक तरी गाव आठवते का."

दर हॉल्टवर ते दोन प्रश्न विचारत. इथे कोण कोण आहे? आणि त्यात तू कुठं उभा आहेस? अर्थ सांगायची मनाई होती. कोणी प्रवचनाच्या सुरात बोलायला लागलं की ते खिशातल्या शिट्टीला हात लावत.

शास्त्राशिवाय ते इतरही पुष्कळ वाचत. बाजारातल्या रद्दीवाल्याकडे त्यांची खुर्ची ठरलेली होती. प्रवासवर्णनं, संतमाणसांची चरित्रं, मधमाश्या पाळायचं पुस्तक, जे मिळेल ते. पण पुस्तक वाचून झालं की त्यांचा सवाल एकच असे, की या पुस्तकानं माझ्यात काय हललं. "वाचून हुशार झालेले पुष्कळ पायले," ते म्हणत. "वाचून नरम झालेला एखादा दाखव."

ते स्वतः काही जन्माने नरम नव्हते. शेजारच्या टेंभरे पटेलांशी त्यांचा पाण्यावरून जुना वाद होता. पटेल हे पोवार शेतकरी, कामठ्याच्या बाजूला त्यांची शेती, मुलांच्या शिक्षणासाठी गोंदियात घर बांधलेलं. त्यांच्या छपराचं पाणी काकांच्या भिंतीवर पडायचं आणि दर पावसाळ्यात दोघं कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांचं कुळ काढायचे. एका गुरुवारी वाचनात असं आलं की वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला आठवतं, आपल्या भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे. मग त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी त्या भावाकडे जावं. काका इथे थांबले. विचारायच्या दोन प्रश्नांपैकी एकही त्यांनी विचारला नाही. पुस्तक मिटलं, चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर गेले. आम्ही तसेच बसून राहिलो. काकू म्हणाल्या, "चहा घेऊन घ्या तुम्ही. ते आता भांडूनच येतील."

चहा निवायच्या आत काका परतले ते पटेलांना घेऊन. पटेल उंच, काळेसावळे, खांद्यावर दुपट्टा. पायरीवर उभे राहूनच ते म्हणाले, "गार्डबाबू म्हणते, पुस्तकानं पाठवलं मले. म्हटलं पाहू तरी कोणतं पुस्तक होय. माह्या बायकोनं इतक्या खेपा सांगतलं, भांडण मिटवा म्हणून, तेव्हा नाही ऐकलं यानं."

"बसा पटेल," काका म्हणाले. "भिंतीचं नंतर पाहू."

भिंतीचं पाहायची वेळ आली नाही. पटेलांनी दुसऱ्याच दिवशी पन्हाळ लावला. पण गुरुवारी ते येतच राहिले. आमच्या धर्मात यायचं त्यांच्या मनात कधी नव्हतं आणि काकांनीही तो विषय कधी काढला नाही. "गोष्ट चांगली असते," पटेल म्हणायचे, "आणि वहिनीच्या हातचे लाखोळीच्या डाळीचे वडे त्याच्याहून चांगले."

एकदा काकांनी माझं शास्त्र हातात घेऊन पानं उलटली. मास्तर असल्यामुळे मला लाल पेन्सिलीने खुणा करायची सवय. त्यांनी इथलं तिथलं पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कोणं केलं लाल?"

"मीच."

"बाप्पा. हे शास्त्र होय का पोलीस ठाण्याचं रजिस्टर? जिथं रागावला तिथं लाल, जिथं हाकललं तिथं लाल. जिथं जेवू घातलं, तिथं पान कोरं." मग ते पटेलांकडे वळले. "पाहा पटेल, याचं पुस्तक वाचलं तर वाटते देवाले दुसरा काही धंदाच नाही."

मी त्यांना सकाळच्या बोट ठेवण्याबद्दल सांगितलं. त्यांना हसू आवरेना. "अरे, बाजारात तो पोपटवाला बसते, पाह्यला का? पोपट बाहेर येते, चिठ्ठी काढते, दाणा खाते, पिंजऱ्यात जाते. तुही बी तीच गत. फरक इतकाच, त्या पोपटाले दाणा तरी भेटते."

मी हसलो, पण घरी जाताना डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून बोट ठेवणं मात्र बंद झालं.

हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी एकटाच त्यांच्याकडे गेलो आणि जे वर्षानुवर्षं आत साचलं होतं ते सगळं त्यांना सांगितलं. लहानपणापासूनचं, वडिलांपासून ते वर्गातल्या पोरांपर्यंतचं. ते अंगणात खाटेवर बसून बोरं खात होते.  मी थांबल्यावर म्हणाले, "झालं का? हिसाब बरोबर असेल तुहा. पण मागतला कोणं?"

 मग त्यांनी आपली एक गोष्ट सांगितली.

"लाईनवर एक लहानसं स्टेशन होतं. गाडी सुटायची वेळ झाली. मी प्लॅटफॉर्म पाह्यला, कोणी नाही. झेंडा दाखवला. गाडी हलली आणि पाहतो तं एक म्हातारी बुडी, डोक्यावर गाठोडं, पळून राहिली. हात वर करून राहिली. मी शेवटच्या डब्यात, माह्यासमोरच पळत होती ती. थांबवायले पाहिजे होती गाडी. उशीर झाला म्हणून नाही थांबवली. लहान होत गेली, होत गेली, दिसेनाशी झाली."

"मग?"

"मंग दुसऱ्या दिवशी तीच गाडी घेऊन गेलो. तं बुडी तिथंच. झाडाखाली बसून. दिवसातून ती एकच गाडी तिच्या कामाची होती. मी उतरलो, गाठोडं उचललं, हात धरून आपल्याच डब्यात बसवलं. नियमात बसत नाही ते. तिनं मले अशा शिव्या देल्या, अशा शिव्या देल्या, की ड्रायव्हरपर्यंत गेल्या असतील. मंग दम लागला तिले. गाठोडं सोडलं आणि ओंजळभर बोरं काढून माह्यासमोर धरली."

"आणि तुम्ही?"

"मी काय. खाल्ली." त्यांनी एक बी थुंकली. "तुह्यासारखा असतो तं म्हटलं असतं, नाही बाई, मी लायक नाही. तिचा हात तसाच राह्यला असता. त्या दिवसापासून एक केलं. सगळे चढल्याबिगर चढलो नाही. उशीर तं उशीर. मेमो बी भेटले त्याच्यासाठी." मग खाटेवरची बोरं माझ्याकडे सरकवली. "मागं पाहणं माही नोकरी होती, मास्तर. पगार भेटत होता त्याचा. तुले कोण देऊन राहिला?"

मी बोरं खाल्ली. पण पुढच्या महिन्यात ताट आलं तेव्हा पुन्हा पुढे दिलं. ऐकलेलं पटतं, तरी हात उचलवत नाही, असं माझं होतं. काकांनी ताट घेतलं, नेहमीसारखे थांबले आणि मग आपला तुकडा उचलला.

त्यानंतर काही वर्षांनी बाप आणि त्याच्या दोन मुलांची गोष्ट वाचायला घेतली. आम्हा ख्रिस्ती लोकांना ती इतकी पाठ असते की ऐकू येईनाशी होते. धाकटा मुलगा आपला हिस्सा मागून घेतो, परमुलखात उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, उपाशी परत येतो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. पटेल मात्र ती पहिल्यांदा ऐकत होते. हिस्सा मागितल्यावर बापाने वाटणी करून दिली, इथेच त्यांनी हात वर केला.

"थांबा गार्डबाबू. बाप जिता आहे?"

"आहे."

"आणि देऊन देलं? भांडला नाही, पंचायत नाही?"

"नाही."

पटेल दुपट्ट्याने तोंड पुसत राहिले. "असा बाप आमच्या गावात असता तं लोकांनी वेडा म्हटला असता," ते म्हणाले. त्या दिवशी पुढे वाचन झालंच नाही.

आम्ही असेच थांबत थांबत शेवटाकडे आलो. धाकटा परत आला, वासरू कापलं, घरात जेवणावळ बसली. मोठा भाऊ शेतातून आला, गाण्याचा आवाज ऐकून अंगणातच थबकला. आत जाईना. पटेल पुन्हा म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. वाटणी तं झाली होती ना? मंग आता घरात जे राह्यलं ते मोठ्याच्या हिश्श्याचं. वासरू बी त्याचंच. त्याच्याच घरी त्याच्याच वासराचं जेवण, आणि तो अंगणात उभा."

काकांनी पुस्तकातून मान वर केली. पटेलांकडे पाहिलं. मग पुढे वाचलं. बाप बाहेर आला, मोठ्याला समजावू लागला. मोठा म्हणाला, इतकी वर्षं मी राबलो, तुझा एक शब्द मोडला नाही, आणि मला तू काय दिलंस. सगळा हिशेब त्याने बापापुढे मांडला. बाप म्हणाला, बाळा, तू तर सदाच माझ्याजवळ आहेस, जे माझं ते सगळं तुझंच.

"मास्तर," काका म्हणाले, "यात तू कुठं उभा आहेस?"

मी नेहमीसारखं म्हणालो, "धाकट्याजवळ. डुकरांच्या खोपटात."

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "तू कुठं गेला होता कधी घर सोडून? कोणती उधळपट्टी केली तू? तू मोठा होय. अंगणात उभा आहे. हातात हिसाब आहे. मोठ्यानं आपल्या चांगल्या कामाचा ठेवला, तू आपल्या वाईट कामाचा ठेवला, इतकाच काय तो फरक. दोघंही आत जाऊन नाही राहिले."

 काकू वड्यांची थाळी घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. आजवर मी माझ्या न घेण्याला नम्रता समजत होतो. आपण स्वतःशी तरी प्रामाणिक आहोत, याचा मला आतून थोडा अभिमानही होता. ते सगळं एकदम कोणीतरी दिव्यापुढे धरावं तसं झालं. मला राग आला, हे मी लपवत नाही. पुढचे काही गुरुवार मी गेलो नाही.

गेलो तेव्हा काका म्हणाले, "ये. चहा ठेवलाच आहे." आणि पटेल म्हणाले, "गुरुजी, बरं झालं आले. तुमच्यासाठी थांबवली गोष्ट यानं. मले सांगून नाही राहिला. तो मोठा मंग गेला का आत?"

काकांनी हिरव्या कापडाची गाठ सोडता सोडता सांगितलं, "लिहून नाही ठेवलं."

"म्हणजे?"

"म्हणजे गोष्ट इथंच सरते. बाप अंगणात, पोरगा अंगणात. पुढचं नाही लिहिलं."

"अधुरी कायले ठेवली अशी?" पटेल नाराजीने म्हणाले. काकांनी पुस्तक उघडलं. पटेलांच्या मनातून मात्र ते गेलं नाही. पुढे कितीदा तरी, वेगळीच गोष्ट चालू असताना, ते मध्येच विचारायचे, "त्या मोठ्याचं काही समजलं का?"

वर्षं गेली. छोटी लाईन उखडून मोठी झाली. काका सायकलवर जाऊन ते काम पाहून आले. दम्याने त्यांना हळूहळू घरात बसवलं. सायकल सुटली, मग चर्चची पायरी सुटली. शेवटच्या बाकावर मी एकटा राहिलो. ताटाची फेरी माझ्यापाशी येऊन संपायला लागली, आणि न घेता ते परत करायला मलाच उठावं लागे. पूर्ण चर्चच्या पाठीमागून पुढे चालत जाताना ते ताट फार जड लागायचं.

धान कापणीचे दिवस होते. जे आजारी माणूस चर्चला येऊ शकत नाही, त्याच्या घरी उपासनेनंतर पाद्रीसाहेब प्रभुभोजन घेऊन जातात. जुने पाद्रीसाहेब बदलून गेले होते, नवे तरुण होते, त्यांना गल्ली माहीत नव्हती. म्हणून माझ्या मोटारसायकलवर आम्ही दोघं गेलो. प्रभुभोजनाची छोटी पेटी माझ्या गळ्यात होती. काका उशांना टेकून बसले होते. अर्धे झाले होते. काकू उशाशी, आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेंभरे पटेल.

पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली, भाकर मोडली. आधी काकांच्या तळहातावर तुकडा ठेवला, मग काकूंना दिला. मग ताट माझ्यापुढे आलं. मी मान खाली घातली. पाद्रीसाहेबांना माझी सवय माहीत होती, त्यांनी ताट स्टुलावर ठेवलं. काकूंनी खाल्लं. काकांचा हात तसाच उघडा होता.

"काका, लीजिए," पाद्रीसाहेब म्हणाले. काका हलले नाहीत. "मैं खिला दूँ?"

काकांनी मान हलवली. श्वास गोळा करायला त्यांना वेळ लागला. "मास्तर चढला नाही अजून," ते म्हणाले.

पाद्रीसाहेबांना वाटलं ते भ्रमात बोलताहेत. त्यांनी काकूंकडे पाहिलं. "कौन सी गाड़ी, काका?"

दाराजवळून पटेल हळूच म्हणाले, "गुरुजी, तुमच्यासाठी थांबून राहिला तो."

तेव्हा मला ते सगळे पहिले रविवार आठवले. ताट मांडीवर धरून त्यांचं ते थोडा वेळ बसणं. मी ज्याला प्रार्थना समजत होतो ते. दर महिन्याला ते प्लॅटफॉर्म बघत होते. दर महिन्याला त्यांना मी पळताना दिसत होतो, की पळतसुद्धा नव्हतो, नुसता झाडाखाली बसून होतो, कोण जाणे. त्यांनी मला कधी ओढलं नव्हतं. फक्त उशीर केला होता.

हात पुढे करताना मला कसलाही प्रकाश दिसला नाही, कुठला आवाज ऐकू आला नाही. माझा हिशेब होता तसाच होता, एक ओळही पुसली गेली नव्हती. एवढंच वाटलं, की तो कोणी मागितलेला नाही. मी ताटातून तुकडा उचलला. साधा पावाचा तुकडा होता, सकाळचा, थोडा सुकलेला. मी तो खाल्ला. काकांनी ते पाहिलं आणि मग आपला तुकडा तोंडात घातला. चावायला त्यांना बराच वेळ लागला. आम्ही सगळे थांबलो.

बाहेर मी मोटारसायकल काढत होतो, पाद्रीसाहेब आत काकूंशी बोलत होते. पटेल कुंपणापाशी आले. थोडा वेळ त्यांनी आपल्या पन्हाळाकडे, मग भिंतीकडे पाहिलं.

"गेला म्हणायचा मंग तो मोठा आत," ते म्हणाले.

 मी मान डोलावली.

पुढचा पहिला रविवार काकांनी पाहिला नाही. त्यांना माती द्यायला चर्चपेक्षा गल्लीतले लोक जास्त होते, आणि शवपेटी उचलायला पुढचा खांदा पटेलांचा होता. हिरवं कापड आणि पुस्तक काकूंकडे आहे. गुरुवारी आता त्या वाचतात, काकांच्याही पेक्षा हळू. पटेल येतात. मीही जातो. शिट्टी कुठे गेली ते मात्र सापडलं नाही. काकू म्हणतात, घेऊन गेले असतील बरोबर, तिथं लागत असेल.

शेवटच्या बाकावर, दाराजवळ, आता मी बसतो. हल्ली एक तरुण माझ्या शेजारी बसायला लागला आहे. तो बिजली ऑफिसात नवीन लागला आहे. ताट आलं की तो खाली बघतो आणि ते माझ्या हातात देतो. मी ते मांडीवर धरतो आणि थोडा वेळ थांबतो. मग माझा तुकडा उचलतो. गेल्या महिन्यात बाहेर आल्यावर मी त्याला एवढंच विचारलं, गुरुवारी संध्याकाळी मोकळा असतोस का. आम्ही वाचायला बसतो. चहा मिळतो.